डेरेक फाउल्ड्स गेले. तुमच्या मनात बर्नार्डचा कोणता प्रसंग आहे?

नस्तीकार (डोंबिवली), १९ जानेवारी २०२०

परवा शुक्रवारी, १७ तारखेला, ब्रिटिश नट डेरेक फाउल्ड्स गेले. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रुग्णालयात, वयाच्या ८२व्या वर्षी. बातमी मुलाने जेवताना सांगितली. सूनबाईंनी विचारलं, ‘कोण हो बाबा?’ नाव सांगून काही कळणार नव्हतं, म्हणून मी म्हटलं, ‘बर्नार्ड’. तेवढ्यावर हिने हातातली वाटी खाली ठेवली. आमच्या घरात तो माणूस अठ्ठावीस वर्षं त्याच नावाने वावरला आहे.

‘येस मिनिस्टर’ आणि तिचाच पुढचा भाग ‘येस प्राइम मिनिस्टर’ या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेतला बर्नार्ड वूली. एका बाजूला मंत्री जिम हॅकर, दुसऱ्या बाजूला सचिव सर हम्फ्री, आणि मधे हा खासगी सचिव. हॅकर झालेले पॉल एडिंग्टन १९९५ साली गेले. हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न २००१च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी. आता तिघांतला शेवटचाही गेला.

या मालिकेचं नाव निघालं की लोक हम्फ्रीची अर्ध्या पानाची वाक्यं म्हणून दाखवतात. ती आहेतच तशी. हॉथॉर्नना त्या एका भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला ते उगीच नव्हे. पण मी पहिल्या दिवसापासून बर्नार्डकडे बघत आलो, कारण त्या जागी मी स्वतः उभा राहिलेलो आहे.

मंत्रालयात ३४ वर्षं नोकरी झाली. त्यातली अकरा वर्षं मंत्री कार्यालयात लघुलेखक होतो. बर्नार्डचं पद माझ्यापेक्षा किती तरी वरचं, पण खुर्चीची जागा तीच. मंत्री बोलतात, सचिव बोलतात, आणि तिसरा माणूस मांडीवर वही घेऊन बसलेला असतो. दोघांचं ऐकायचं आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, हे ते काम. फाउल्ड्सनी नेमकं तेच अभिनयात करून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं, पण समोरच्या दोघांना दिसणार नाही आणि आपल्याला दिसेल एवढंच. १९८० ते १९८८, एकूण अडतीस भाग. कोणताही भाग लावा आणि बाकीचे दोघं बोलत असताना फक्त यांच्याकडे पाहा. हा नट सतत ऐकत असतो. स्वतःच्या वाक्याची वाट बघत थांबलेला तो कधी दिसत नाही. मी नाटकंही पुष्कळ पाहिली आहेत. इतकं खरं ऐकणारा नट मला फार क्वचित दिसला.

बर्नार्डची अडचण सरकारी नोकराला लगेच कळते. काम मंत्र्यांचं करायचं, पण बढती ठरवणारा गोपनीय अहवाल हम्फ्रींच्या हातात. मंत्री आज आहेत, पुढच्या फेरबदलात नसतील. सचिव मात्र राहणार. मग खरं कोणाला सांगायचं?

आता जे सांगतो ते मी आजवर फक्त हिला सांगितलं आहे. १९९१ची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या विहिरीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मंजुरीची नस्ती, म्हणजे फाइल, होती. वरिष्ठांनी ती स्वतःकडे ठेवून घेतली आणि मला म्हणाले, ‘माझ्याकडे आहे हे इतक्यात बोलू नका.’ कारण काय ते मला विचारण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मंत्रीमहोदयांनी मलाच विचारलं, ‘ती पाण्याची नस्ती कुठे अडकली हो?’ मी म्हटलं, ‘पाहून सांगतो, साहेब.’ पाहायचं काही नव्हतंच. मला ठाऊक होतं. पुढे मार्च संपला, निधी न वापरल्यामुळे व्यपगत झाला, म्हणजे हातचा गेला, आणि त्या मुलींनी आणखी एक वर्ष बाहेरून पाणी भरलं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. कोणाला कळलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी आमचे साडू लंडनहून आले, तेव्हा त्यांनी या मालिकेच्या कॅसेट आणल्या. तिकडची आणि आपली टीव्हीची पद्धत एकच, पाल, त्यामुळे त्या आमच्या व्हीसीआरवर नीट चालायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री हॅकर बर्नार्डला काहीतरी सरळ विचारतो आणि बर्नार्ड उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतो, असा प्रसंग आला. त्या क्षणभरात फाउल्ड्स काही म्हणजे काही करत नाहीत, फक्त नजर एकदा खाली जाते. मी उठून गॅलरीत गेलो. लिफ्टमधली माझी नजर कशी दिसली असेल, ते मी पडद्यावर पाहिलं होतं.

म्हणून विचारतो. तुमच्या मनात बर्नार्डचा कोणता प्रसंग राहिला आहे? आणि फाउल्ड्सना याशिवाय आणखी कशात कोणी पाहिलं आहे का? नंतर पोलीस सार्जंटची भूमिका त्यांनी अठरा वर्षं केली हे मी वाचलं आहे, पण ती मालिका इकडे मला कधी पाहायला मिळाली नाही.

सांख्यिकी_मास्तर (सांगली)

काका, लिफ्टचं वाचून बराच वेळ काही लिहवेना.

माझा प्रसंग जनमत चाचणीचा. मी गेली सतरा वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, आणि प्रश्नावली कशी करू नये हा तास मी बर्नार्डवरच घेतो. आता पंतप्रधान झालेल्या हॅकरला सक्तीची लष्करी सेवा पुन्हा आणायची आहे, कारण चाचणीत लोकांचा कौल तसा आला आहे. हम्फ्री बर्नार्डला समोर उभं करतो आणि विचारत जातो: बेकार तरुणांची संख्या पाहून काळजी वाटते का, पोरांमधली गुन्हेगारी वाढते आहे असं वाटतं का, शाळांतून शिस्त गेली आहे असं वाटतं का, तरुणांना कोणीतरी वळण लावलेलं आवडेल असं वाटतं का? प्रत्येकाला हो, हो, हो. मग शेवटी, सक्तीची सेवा आणावी का? बर्नार्ड म्हणतो, हो. लगेच दुसरी माळ: युद्धाची भीती वाटते का, शस्त्रं वाढताहेत याची काळजी वाटते का, पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना मारायला शिकवणं धोक्याचं नाही का, मनाविरुद्ध कोणाला शस्त्र घ्यायला लावणं चूक नाही का? पुन्हा हो, हो, हो. आणि सक्तीच्या सेवेला विरोध कराल का? हो! दोन मिनिटांच्या आत एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी कौल दिलेला असतो.

वर्गात मी आधी हाच प्रयोग करतो. अर्ध्या मुलांना एक कागद, अर्ध्यांना दुसरा. विषय महाविद्यालयात मोबाइलबंदी असावी का. एका कागदावर आधी अभ्यास, झोप आणि डोळ्यांबद्दल प्रश्न, दुसऱ्यावर घरचा निरोप, मुलींची सुरक्षितता, रात्रीची एसटी. शेवटचा प्रश्न दोन्हीकडे अक्षरशः तोच. हात मोजून फळ्यावर आकडे लिहितो, आणि मग तो प्रसंग लावतो. इंग्रजी सगळ्यांना समजत नाही, मी थांबवून थांबवून मराठीत सांगतो. पण बर्नार्डचा चेहरा सांगावा लागत नाही. पहिल्या तीन प्रश्नांना तो पटकन, विश्वासाने उत्तरं देतो, चौथ्यापासून त्याला कुठेतरी खटकायला लागतं, तरी ‘हो’ तोंडातून जातंच. मुलं तिथे एकदम गप्प होतात, कारण पाच मिनिटांपूर्वी त्यांचंही तेच झालेलं असतं. फाउल्ड्सनी तिथे भाबडेपणा दाखवला असता तर प्रसंग फुकट गेला असता. त्यांचा बर्नार्ड हुशार आहे आणि तरीही फसतो. मला वर्गात नेमकं हेच सांगायचं असतं.

नस्तीकार

मास्तर, या प्रसंगाला एक खरी बाजू आहे, ती तुमच्या मुलांना सांगा. फाउल्ड्सनी ती सक्तीची सेवा स्वतः केली होती. जन्म १९३७चा, लंडनमधल्या बॅलमचा. वडील लहानपणीच गेले, शाळेनंतर ते छापखान्यात उमेदवारीला लागले. मग त्या काळच्या नियमाप्रमाणे हवाई दलात बोलावणं आलं आणि बिनतारी यंत्रावर काम करायला माल्टा बेटावर पाठवलं. परत आल्यावर ‘राडा’ या नाट्यशाळेत गेले. तेव्हा ‘हो, आणावी’ आणि ‘हो, विरोध करीन’ म्हणणारा तो माणूस गणवेश घालून आलेला होता.

आणि ज्यांच्यासाठी ही चाचणी चालली आहे, त्या पंतप्रधानांची भूमिका करणारे एडिंग्टन युद्ध न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सदसद्विवेकाच्या कारणावरून शस्त्र घ्यायला नकार दिलेला होता. मालिकेत याचा कुठेही उल्लेख नाही, असायचं कारणही नाही. पण हे कळल्यापासून मी तो भाग वेगळ्या नजरेने बघतो.

अपर्णा_लीड्स

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते. मी मूळची कोल्हापूरची, इथे लीड्सजवळ वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. बर्नार्ड मला फारसा माहीत नाही. माझ्यासाठी ते कायम सार्जंट ब्लेकटन.

मालिकेचं नाव ‘हार्टबीट’. १९९२ ते २०१०. साठच्या दशकातलं उत्तर यॉर्कशायरचं खेडं, तिथली छोटी पोलीस चौकी. ऑस्कर ब्लेकटन आधी सार्जंट असतो, कडक, बुटाला पॉलिश नसेल तर शिपायाला झापणारा. नंतर निवृत्त होऊन गावचं पोस्ट चालवतो आणि त्याच्याही नंतर पब. म्हणजे एका माणसाचं नोकरीनंतरचं आयुष्यही लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. आमच्या म्हाताऱ्या मंडळींना तेच आवडतं. आयटीव्ही ३ या वाहिनीवर दुपारी जुने भाग लागतात आणि जेवणं झाली की दिवाणखान्यात तेच चालू असतं.

आमच्याकडे एक आजोबा आहेत, आयुष्यभर बस चालवली. आता मुलीचं नाव आठवत नाही, सकाळ आहे की संध्याकाळ ते कळत नाही. पण ब्लेकटन पडद्यावर आला की पाठ सरळ करून बसतात. औषध घ्यायला तयार नसले की मी त्या वेळेपर्यंत थांबते. सार्जंट आला की गोळी देते, ते घेतात. दोन वर्षं असंच चाललं आहे. हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नाही, एका सिनियर आयरिश बाईंनी दाखवलं.

शनिवारी सकाळी बातमी सगळ्यांना कळली. एक आजी म्हणाल्या, ‘मिस्टर डेरेक गेला.’ मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं की १९६९ पासून चार वर्षं तो मुलांच्या कार्यक्रमात बेझिल ब्रश नावाच्या कोल्ह्याच्या बाहुलीबरोबर असायचा. कोल्हा वात्रटपणा करणार, मिस्टर डेरेक त्याला गोष्ट वाचून दाखवणार. आजींची मुलं तेव्हा लहान होती. शनिवारी संध्याकाळी मुलं टीव्हीसमोर बसायची आणि आजी तेवढ्यात रविवारच्या स्वयंपाकाची तयारी करून घ्यायच्या. त्यांना बर्नार्डही आठवत नव्हता आणि ब्लेकटनही नाही. ‘मिस्टर डेरेक’ म्हणून त्या रडल्या.

दुपारी आम्ही ‘हार्टबीट’ लावावं की नाही यावर जरा विचार केला. शेवटी लावलं. आजोबा ताठ बसले. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही.

नस्तीकार

अपर्णाताई, तुमचं लिहिलेलं मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

आता त्या कोल्ह्याचं ऐकून मला एक उलगडलं. बाहुलीबरोबर काम करणाऱ्याला सगळी गंमत बाहुलीला द्यावी लागते. आपण फक्त खरं मानून ऐकायचं, तरच समोरच्या मुलांना ती बाहुली जिवंत वाटते. चार वर्षं ते केलेल्या माणसाला हम्फ्रीच्या शेजारी उभं राहणं जमलं, यात मला आता नवल वाटत नाही.

वऱ्हाडी_पाहुणा

आमच्या घरी ही मालिका इंग्रजीतून कोणी पाहिली नव्हती. आम्ही २००१च्या सुमारास स्टार प्लसवर ‘जी मंत्रीजी’ पाहायचो. त्याच मालिकेवरून केलेली, फारूक शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. बाबा तलाठी होते, त्यांना फार आवडायची. मूळ मी आता यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांत पाहतोय. एक विचारायचं होतं. बर्नार्ड मधेच शब्दांच्या चुका का काढत बसतो? गंभीर विषय चालू असतो आणि हा व्याकरण काढतो. मला ते खटकतं.

नस्तीकार

पाहुणे, फारूक शेख गोड माणूस, मंत्री म्हणून त्यांना पाहताना राग यायचाच नाही. ती मालिका आम्हीही पाहिली.

तुमच्या प्रश्नाचं मला जे वाटतं ते सांगतो. उंबऱ्यापाशी चप्पल वाकडी दिसली की सरळ केल्याशिवाय आत न जाणारी माणसं असतात, तसा बर्नार्ड आहे. कोणी दोन म्हणी एकमेकींत मिसळल्या, की त्यातली विसंगती दाखवल्याशिवाय त्याला राहवत नाही. पण ते कधी होतं ते बघा. दोन्ही साहेबांत जुंपली आणि आता आपल्याला बाजू घ्यावी लागणार असं दिसलं, की बहुतेक वेळा तेव्हाच. मोठ्या गोष्टीबद्दल बोलायची त्याला मुभा नाही. शब्द बरोबर की चूक, एवढ्यापुरतं तो खरं बोलू शकतो. फाउल्ड्स ती वाक्यं विनोद म्हणून म्हणतच नाहीत, अगदी मनापासून, मदत करायला निघाल्यासारखी म्हणतात. मीही टिपणीतले ऱ्हस्वदीर्घ फार काटेकोरपणे तपासायचो. सगळे कौतुक करायचे.

आणि माझा आवडता प्रसंग मीच लिहायचा राहिलो. किल्लीचा. पंतप्रधानांच्या घरातून शेजारच्या कॅबिनेट कार्यालयात जायला मधे दार आहे, त्याची किल्ली हम्फ्रीकडे असते, त्यामुळे तो वाटेल तेव्हा आत येतो. हॅकर एकदा ठरवतो की ती किल्ली काढून घ्यायची. ठरवणं सोपं. अंमलबजावणी कोणी करायची? बर्नार्डने. ज्याच्या हातात आपली बढती आहे त्याला ‘तुम्हाला आत येता येणार नाही’ असं सांगायचं. फाउल्ड्सचा त्या भागातला आवाज ऐका. घाबरलेला आहे, शब्द नीट लागत नाहीत, पण माणूस मागे सरत नाही. एखाद्या नटाने तिथे छाती काढली असती. यांनी भीती तशीच ठेवली आणि तिच्यासकट नकार दिला.

तो भाग मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. १९९६ साली अशीच एक नस्ती पुन्हा समोर आली, वेगळे वरिष्ठ, वेगळे मंत्री. त्या वेळी विचारल्यावर मी सांगितलं, ‘साहेबांच्या टेबलावर आहे, बारा दिवस झाले.’ पाय कापत होते. पुढच्या महिन्यात माझी बदली दुसऱ्या विभागात झाली, पण नस्ती सुटली.

सांख्यिकी_मास्तर

काका, पुढे बर्नार्डचं काय होतं? हॅकर पंतप्रधान झाला, हम्फ्री सगळ्यात वरच्या जागी गेला, इतपत माहीत आहे.

नस्तीकार

मालिकेत तो शेवटपर्यंत खासगी सचिवच राहतो. पण अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघा लेखकांनी तिच्यावरून जी पुस्तकं केली, त्यांत तो ‘सर बर्नार्ड’ आहे, सगळ्या नागरी सेवेचा निवृत्त प्रमुख. म्हणजे हम्फ्रीच्या खुर्चीत एक दिवस तो बसला. बसल्यावर तो कोणासारखा वागला, हे मात्र आपणच ठरवायचं. मला वाटतं, समोर वही घेऊन बसलेल्या पोराला त्याने ‘हे कोणाला बोलू नका’ असं सांगितलं नसेल. तसं मी धरून चालतो.

अपर्णाताई, एक विचारतो. मालिकेतलं ते खेडं खरोखरचं आहे का? मुलगा मे महिन्यात कामासाठी मँचेस्टरला जाणार आहे आणि आम्हा दोघांना बरोबर चला म्हणतोय. मी आजवर नाहीच म्हणत होतो.

अपर्णा_लीड्स

आहे की! मालिकेत त्याला एडन्सफील्ड म्हणतात, खरं नाव गोथलंड. नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये, सगळीकडे माळरान आणि रस्त्यावर मोकळ्या मेंढ्या. पिकरिंगहून जुनी वाफेची गाडी जाते, ती गोथलंडला थांबते. हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटात तेच स्टेशन आहे, त्यामुळे नातवंडं बरोबर असतील तर तीही खूश. ब्लेकटनचा पब म्हणून ज्याचं चित्रीकरण व्हायचं ते हॉटेल गावातच आहे.

मे महिन्यातही वारा बोचतो, काकूंना स्वेटर आणि कानटोपी आणायला सांगा. मँचेस्टरहून लीड्सला या, एक रात्र आमच्याकडे मुक्काम करा, पुढे मी घेऊन जाईन. मला सुट्टी आधी सांगावी लागते, तेव्हा तारीख ठरली की कळवा. आणि येताना जमलं तर त्या जुन्या कॅसेटमधली एखादी आणा. आमच्या दिवाणखान्यात व्हीसीआर अजून चालू आहे.